मुलींच्या खोलीतलं बटण

आफरीननं जिन्याखालीच माझं मनगट धरलं आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत सोडलं नाही. काय झालं, हे मला विचारता येत नव्हतं. माझा हात तिच्या मुठीत होता आणि ती पुढं चालत होती. कर्णबधिर मुलीला पाठीमागून काही विचारता येत नाही.

मुलींच्या झोपायच्या खोलीत नेऊन तिनं दाराशेजारची भिंत दाखवली. आदल्या संध्याकाळपर्यंत तिथं एक मोठं लाल बटण होतं. आता चार भोकं होती, खाली फरशीवर प्लास्टरचा भुगा सांडला होता आणि भिंतीतून दोन वायरी लोंबत होत्या. पक्कडीनं कापलेल्या नव्हत्या. ओढून तोडल्या होत्या.

“कोणी?” मी हातांनी विचारलं.

आफरीननं हवेत दाराची कडी सरकवली.

आमच्या शाळेत मुलांनी प्रत्येक माणसाला एक खूण दिलेली असायची. तेच त्याचं नाव. माझी खूण नाकावरचा चष्मा वर सारायची. संस्थेचे सचिव अण्णासाहेब देशमाने, त्यांची खूण खांद्यावरचं उपरणं झटकायची. आणि कडी सरकवणं म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका, जोगदंडबाई. रोज रात्री जेवणं झाली की त्या या खोलीला बाहेरून कडी घालत आणि आपल्या खोलीत जाऊन टीव्ही लावत.

“ती उभी होती,” आफरीन सांगू लागली. आमचं बोलणं हातांचं असे. इथं मी ते मराठीत उतरवते आहे. “डेकोरेशनवाला स्टुलावर होता. मी त्याचा पाय धरला. तिनं मला ओढलं.” तिनं बाही वर केली. दंडावर चार बोटं उमटली होती.

“कशाला काढलं, सांगितलं का?”

“ती आम्हाला कधी काही सांगते?” आफरीन म्हणाली. “तिला तीन शब्द येतात. चल, झोप, गप्प.”

ते खरं होतं. जोगदंडबाई माझ्या कितीतरी आधीपासून त्या शाळेत होत्या आणि त्यांच्या हातांना तेवढेच तीन शब्द येत होते.

मी सोनवळच्या त्या कर्णबधिर विद्यालयात कॉम्प्युटर शिकवत असे. त्याला आता बरीच वर्षं झाली. पण त्या बटणाबद्दल कुणी सहज विचारलं तरी माझा आवाज चढतो, म्हणून नीट क्रमानं सांगते.

आदल्या पावसाळ्यात कोमल वाघमोडे नावाच्या मुलीच्या पोटात रात्री दुखायला लागलं. ती आफरीनच्या शेजारच्या गादीवर झोपायची. मुलींनी दार बडवलं, लोखंडी बादली दारावर आपटली. जोगदंडबाईंनी ऐकलं. ऐकलं नाही असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. “पोरींचा रोजचाच दंगा असतो, त्यांना काय कळतं आवाज किती होतोय ते,” असं त्या म्हणाल्या. सकाळी कडी निघाली तेव्हा कोमलचं अपेंडिक्स फुटलेलं होतं. ती वाचली. पण तिचे आईवडील मेंढरांमागं फिरणारे. ते येऊन पोरीला घेऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. संस्थेच्या दप्तरी तिचं शिक्षण ‘कौटुंबिक कारणास्तव’ थांबलं.

त्यानंतर कडी काढा म्हणून मी अण्णासाहेबांकडे गेले होते. “वयात आलेल्या मुली आहेत, बाई. बोलता येत नाही, ऐकू येत नाही. काही झालं तर जबाबदार कोण?” ते म्हणाले. कोमलला जे झालं ते त्यांच्या मते ‘काही’ नव्हतं.

त्याच सुमारास कुणीतरी शाळेला हाताच्या पंजात मावतील असे छोटे कॉम्प्युटर दिले होते. नुसती उघडी सर्किटं. कडेला टाचण्यांसारख्या पिनांच्या दोन रांगा. त्या पिनांना दिवा जोडा, बटण जोडा, बझर जोडा आणि प्रोग्राम लिहून चालवा. पहिल्यांदा मला वाटलं, हे आपल्या मुलांना जमायचं नाही. लिहिलेल्या भाषेशी त्यांचं वाकडं. वाक्य समोर आलं की ‘ने’, ‘ला’, ‘चा’ यांच्या गर्दीत ती हरवतात, आणि प्रोग्राम म्हणजे तर पानंच्या पानं. मग मला ती लायब्ररी सापडली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं अवघड काम; आपण त्यातले शब्द तेवढे वापरायचे. ही नवशिक्यांसाठीच केलेली होती. पिनेतला वीजप्रवाह कसा वाचायचा, बटण दाबताना होणारी थरथर कशी वगळायची, हे सगळं तिनं पोटात घेतलेलं. वर उरतात ते साधे शब्द. एका पिनेवर बटण आहे. एका पिनेवर बझर आहे. बटण दाबलं गेलं, की बझर चालू.

मी फळ्यावर ती ओळ लिहिली तेव्हा आफरीन पुढं आली आणि तिनं ती हातांनी वाचली. बटण. दाबलं. बझर. चालू. आधी वस्तू, मग तिचं काय झालं, मग दुसरी वस्तू, मग तिनं काय करायचं. मध्ये एकही ‘ने’ नाही, ‘ला’ नाही. तिनं पुन्हा वाचली आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं, जणू मी काहीतरी लबाडी केली होती.

“हे आमच्यासारखं बोलतं,” ती म्हणाली.

दहावीतली ती मुलगी. मराठीच्या पेपरात तिला कधी धड पास होता आलं नव्हतं. त्या आठवड्यात ती कॉम्प्युटरच्या खोलीतून हलली नाही. पहिल्या वेळी तिचा प्रोग्राम सुरू झाला आणि लगेच संपला. बटण दाबून काही होईना. मी तिला शेवटची एक ओळ दाखवली. ती ओळ प्रोग्रामला सांगते, की काम झालं म्हणून निघून जाऊ नकोस, इथंच थांब, लक्ष ठेव.

“ही ओळ नसली तर?”

“तर तो वाचतो आणि जातो. बटण दाबणाऱ्याकडे बघायला कुणी उरत नाही.”

आफरीननं हवेत कडी सरकवली आणि मान हलवली. “तिच्यात ही ओळ घालायची राहिली,” ती म्हणाली. मी इतकी हसले की शेजारच्या वर्गातले गुरवसर बघायला आले.

बटण आफरीननं मुलींच्या खोलीत बसवलं आणि वायर भिंतीवरून नेऊन बझर जोगदंडबाईंच्या पलंगाजवळ. वायर धरायला मुख्याध्यापकांनी शिपाई दिला, एवढाच काय तो संस्थेचा हातभार. बटण मोठं, लाल, तळहाताएवढं. सगळ्यांत लहान मुलीचाही हात पोचेल इतक्या उंचीवर. त्या इमारतीत बाहेरच्या मोठ्या माणसाला हाक मारायचं मुलींकडे तेवढं एकच साधन होतं. आणि ते चालत होतं. एका मुलीला ताप चढला तेव्हा वाजलं, एकीला उलट्या झाल्या तेव्हा वाजलं. दोन्ही वेळा जोगदंडबाईंना उठावं लागलं.

तेच आता भिंतीवर नव्हतं.

मी खाली सभागृहात गेले. आफरीन मागोमाग. अकरा वाजता कार्यक्रम होता. वसतिगृहाच्या रंगरंगोटीला देणगी देणारे पुण्याचे उद्योजक मुकुंद चांदोरकर उद्घाटनाला येणार होते. मंचावर मोठी पितळी समई उभी होती, वातींच्या जागी विजेचे दिवे बसवलेली. शेजारच्या टेबलावर सोनेरी कागद चिकटवलेला थर्माकोलचा चौथरा होता आणि त्याच्या मधोमध आमचं लाल बटण.

आफरीन मंचावर चढली. तिनं चौथरा उचलून खालून पाहिला आणि तसाच माझ्याकडे वळवून धरला. बटणाच्या मागं काहीच नव्हतं. एकही वायर नाही.

“ओ ताई, हात नका लावू, निघंल ते!” डेकोरेशनवाला बबलू ओरडला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, सांगा की तिला.”

“बबलू, याला वायर कुठाय?”

“ते दिसायला असतंय, मॅडम. पाहुणे वरनं दाबतेत, मी पडद्यामागं उभा राहून स्विच टाकतो. सगळीकडं असंच करतो आम्ही. कुणाला कळत नाही.”

“मग दुसरं कुठलंही बटण लावायचं. हे भिंतीतून कशाला उपटलंस?”

“मी कशाला उपटू? मला बाई म्हणल्या, ते लाल भारी दिसतंय, ते काढ.”

जोगदंडबाई पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर पांढरे अभ्रे चढवत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. “दिसायला चांगलं आहे म्हणून म्हटलं,” त्या म्हणाल्या. “नाहीतरी रात्रीची झोप घालवली होती त्यानं. पोरी खेळ करतात त्याच्याशी.”

“एकदा तरी उगाच वाजलं का? सांगा.”

“अहो लोंढेबाई, तुम्ही पाच वाजता घरी जाता. रात्री इथं मी असते.”

“तेच तर म्हणतेय. तुम्ही असता आणि पोरी दार बडवतात.”

एवढ्यात अण्णासाहेब आले. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं. काय चाललंय हे त्यांना बबलूनंच सांगितलं. अण्णासाहेब माझ्याशी नेहमी हसून बोलत. नकार द्यायची त्यांची तीच पद्धत होती.

“बाई, सकाळी सकाळी काय काढलंत? एका कार्यक्रमापुरतं घेतलंय.”

“मग निदान खरं जोडू द्या. आफरीन जोडेल. पाहुणे दाबतील आणि समई खरंच लागेल. दोन-तीन ओळींचं काम आहे.”

“दोन-तीन ओळींचं?” अण्णासाहेबांच्या भुवया वर गेल्या. “मग त्यात दाखवण्यासारखं काय आहे? चांदोरकरसाहेब इंजिनिअर आहेत. त्यांच्यासमोर असा पोरखेळ मांडू? आणि ऐन वेळी बंद पडला म्हणजे? नको. तिथं माणूसच पाहिजे.”

“तो प्रोग्राम मुलींच्या खोलीत चालतोय तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही.”

“खोलीत कोण बघतंय, बाई?”

हे वाक्य ते माझ्याशी बोलले, पण आफरीन त्यांच्या समोर उभी होती. ऐकू न येणाऱ्या मुलांसमोर काहीही बोलावं, अशी आमच्या संस्थेत रीतच पडली होती. मुलं ओठ वाचतात, हे त्यांच्या कधी डोक्यात शिरलं नाही. मी आफरीनकडे पाहिलं. तिनं वाचलं होतं.

“कार्यक्रम झाला की परत बसवाल?” मी विचारलं.

“बघू.”

“परत कशाला?” जोगदंडबाई अभ्रा ओढत म्हणाल्या. “भिंतीला आता रंग दिलाय.”

अण्णासाहेबांनी त्यांना थांबवलं नाही. उपरणं सारखं करून ते मला म्हणाले, “तुम्ही एक करा. साहेबांनी बटण दाबलं रे दाबलं, की सगळ्या मुलांनी टाळ्या. एकदम, जोरात. शिकवून ठेवा. आणि हिला आरतीचं ताट देऊन दाराशी उभी करा, शहाणी दिसते.”

मी मुलांना सतरंजीवर बसवून सूचना दिली. त्यांनी एकदा करून दाखवलं. मुलांकडून काही अडचण नव्हती. आफरीननं ताट घेतलं नाही. ती मुलींच्या रांगेत शेवटी जाऊन बसली आणि गुडघ्यांभोवती हात घट्ट बांधले, म्हणजे तिला कुणाशी बोलायचं नव्हतं.

चांदोरकर आले. सत्तरीचे, गोरे, सौम्य गृहस्थ. सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. सूत्रसंचालन गुरवसरांकडे होतं आणि त्यांना विशेषणांची कमतरता नव्हती. पाहुण्यांच्या खुर्च्यांवर गावातली पंधरावीस प्रतिष्ठित मंडळी, मागं सतरंज्यांवर आमची मुलं. मी मंचाच्या कडेला उभी राहून हातांनी भाषांतर करत होते. ‘दातृत्वाचा महामेरू’ याला मी ‘पैसे देणारा माणूस’ एवढंच म्हटलं.

“आणि आता,” गुरवसर म्हणाले, “आपल्याच विद्यार्थ्यांनी साकारलेल्या अत्याधुनिक तंत्रज्ञानाद्वारे, एका बटणाच्या स्पर्शानं, दीपप्रज्वलन!”

चांदोरकरांनी बटण दाबलं.

सगळ्या मुलांनी त्याच क्षणी टाळ्या दिल्या. म्हणजे दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, बोटं पसरली आणि मनगटं गरागरा फिरवली. कर्णबधिर माणसांच्या टाळ्या अशाच असतात, डोळ्यांना दिसणाऱ्या. सभागृहभर हात हलत होते आणि कुठंही काही वाजत नव्हतं. पाहुणे मंडळी दिवा लागायची वाट बघत गप्प बसली होती.

समई लागली नाही.

चांदोरकरांनी पुन्हा दाबलं. मग अंगठ्यानं, जोर लावून. अण्णासाहेब हसऱ्या चेहऱ्यानं पडद्याकडे बघत होते आणि दातांतल्या दातांत काहीतरी म्हणत होते. मुलं हात हलवतच होती. दाबलं की टाळ्या, असं त्यांना सांगितलं होतं आणि साहेब तर दाबतच होते. तेवढ्यात पडदा बाजूला सारून बबलूनं डोकं बाहेर काढलं.

“साहेब, टाळ्या कुठं वाजल्या?”

माइक चालू होता. ऐकू येणाऱ्या सगळ्यांनी ऐकलं.

तेव्हा मला कळलं. बबलूला पडद्यामागून मंच दिसत नव्हता, म्हणून अण्णासाहेबांनी त्याला खूण ठरवून दिली होती, की मुलांच्या टाळ्या वाजल्या की स्विच टाकायचा. अण्णासाहेब इतकी वर्षं बहिऱ्या मुलांच्या शाळेचे सचिव होते. मंचावर बसून त्यांनी कितीतरी कार्यक्रम केले होते. समोर बसलेली मुलं टाळ्या कशा देतात, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

बबलूचं डोकं आणि हातातला स्विच मुलांना दिसला, आणि ती हसली. आमची मुलं हसतात तेव्हा मोठ्यानं हसतात, कारण मोठ्यानं म्हणजे काय हे त्यांना माहीत नसतं. बबलू आत पळाला. त्या हसण्यातून आफरीन उठली आणि मंचावर आली. तिनं चौथऱ्यावरचं बटण हिसकून काढलं, उलटं करून चांदोरकरांच्या तोंडासमोर धरलं, मग टेबलावर ठेवलं आणि बोलू लागली. हात इतके जोरात चालत होते की एकमेकांवर आपटत होते.

अण्णासाहेब माझ्या कानाशी आले. “काय म्हणतेय? आभार मानतेय म्हणून सांगा. लोंढेबाई, ऐकताय ना? आभार!”

मी गुरवसरांच्या हातातून माइक घेतला. माझा आवाज नीट निघाला.

“हे आफरीनचे शब्द आहेत,” मी म्हणाले. “‘हे बटण मी केलं. तुमच्यासाठी नाही केलं. ते आमच्या खोलीत होतं. आम्हाला रात्री बाहेरून कडी घालतात. कोमल दुखण्यानं लोळत होती तेव्हा आम्ही दार बडवलं. ज्यांना ऐकू येतं, त्या आल्या नाहीत. म्हणून मी बटण केलं. ते दाबलं की कुणीतरी यायचं. आज सकाळी यांनी ते भिंतीतून तोडून काढलं, तुम्हाला खोटं खोटं दाबायला. तुम्ही दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. कुणी आलं नाही. आता तुम्हाला कळलं असेल आम्हाला कसं वाटतं.’”

जोगदंडबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. आफरीन चांदोरकरांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला उत्तर हवं होतं. मलाही वाटलं, आता हा माणूस विचारेल. एवढंच विचारेल, की कडी कोण घालतं?

चांदोरकरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइककडे झुकले.

“किती आत्मविश्वास आहे या मुलीत!” ते म्हणाले. “एवढ्या लोकांसमोर न घाबरता व्यक्त होणं... मी तर म्हणेन, हेच या संस्थेचं खरं यश आहे.”

पाहुणे मंडळींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जोरात, खणखणीत.

टाळ्या वाजल्या म्हणून पडद्यामागं बबलूनं स्विच टाकला. समई लागली. फोटोग्राफरनं फोटो घेतला. त्यात आफरीन आहे, डोक्यावर पाहुण्यांचा हात आहे, मागं उजळलेली समई आहे. तो फोटो पुढं संस्थेच्या माहितीपत्रकावर छापला.

“चला, जेवणं थंड होतील,” अण्णासाहेब म्हणाले.

जाताजाता ते माझ्याजवळ थांबले. आता ते हसत नव्हते. “महिनाअखेरीस तुमचा हिशेब करू.”

“आजच करा.”

“बाई, तुम्हाला वाटतं त्या पोरींचं भलं केलंत? त्यांना ऐकू येत नाही म्हणून बरं चाललं होतं.”

मला त्यांच्या उपरण्याला धरून ओढावंसं वाटत होतं. म्हणून मी माझे हात पदरात गुंडाळून घेतले आणि ते पंगतीकडे जाईपर्यंत तिथंच उभी राहिले. आफरीन मंचावर नव्हती. सतरंजीवर मुलं होती, मुली नव्हत्या.

त्या वर होत्या. खोलीचं दार सताड उघडं होतं. आफरीन दाराबाहेर व्हरांड्यात गुडघ्यांवर बसली होती आणि कॉम्प्युटरच्या खोलीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन कडीचे स्क्रू काढत होती. गंजलेले स्क्रू, ती सगळं अंग टाकून पिळत होती. बाकीच्या मुली तिच्याकडे पाठ करून, जिन्याकडे तोंड करून, खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. मी आलेली बघून त्यांनी मला वाट दिली. मी भिंतीशी उभी राहिले. मदत करायला मी पुढं झाले तर आफरीननं मान हलवली.

जोगदंडबाई धापा टाकत आल्या. कुणीतरी खाली सांगितलं असावं. “ए! काय लावलंय हे? उठ! उठ म्हणते ना!” त्या ओरडल्या आणि हातांनी आपले तीन शब्द करू लागल्या. चल. गप्प. चल.

रांगेतल्या सगळ्यांत लहान मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

मग तिच्या शेजारच्या मुलीनं मिटले. मग तिच्या. एकेक करत सगळ्या रांगेनं डोळे घट्ट मिटले. आमची मुलं आपापसांत कडाक्याची भांडली की असं करतात. डोळे मिटले की तुमचं काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नाही, ना हात, ना ओठ, ना रागावलेला चेहरा. यापेक्षा मोठा नकार त्यांच्या भाषेत नाही. आणि तो मोठ्या माणसाला दिलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता.

जोगदंडबाई रांगेसमोरून इकडून तिकडे गेल्या. हात हलवत राहिल्या. त्यांच्यामागून अण्णासाहेब आले, हाताला वरण लागलेलं.

“लोंढेबाई, थांबवा हा तमाशा! ते खाली ठेवायला सांगा तिला!”

“तिची पाठ आहे इकडं.”

“मग या सगळ्यांना सांगा, बाजूला व्हा म्हणावं!”

“त्यांनी डोळे मिटलेत, अण्णासाहेब.”

“उघडायला सांगा!”

“कसं सांगू?” मी म्हणाले.

एकदा माझ्याकडे, एकदा मिटलेल्या डोळ्यांच्या त्या रांगेकडे पाहून अण्णासाहेबांनी पुढच्या मुलीच्या खांद्याकडे हात नेला. तेवढ्यात जिन्यावरून चांदोरकर आले, हातात श्रीखंडाची वाटी. त्यांना आपण रंगवून दिलेली खोली बघायची होती.

“देशमाने,” त्यांनी विचारलं, “मुली अशा का उभ्या आहेत?”

अण्णासाहेबांचा हात तसाच खाली आला. मुलींच्या मागं शेवटचा स्क्रू करकरत फिरत होता. मग कडी सुटली आणि फरशीवर पडली. तो आवाज आम्हा चार मोठ्या माणसांनाच ऐकू आला.